सिस्टर, बूट ड्युटी संपल्यावर घ्यायला जा

प्रश्न : आदरणीय ताई, मी २४ वर्षांची असून जीएनएम हा नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम झाल्यावर गेल्या सात महिन्यांपासून नाशिकमधील एका खासगी रुग्णालयात, मेल मेडिकल वॉर्डमध्ये स्टाफ नर्स आहे. आमच्या पाळ्या आठ ते दोन, दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा असतात. रुजू होताना ‘पांढरे, पुढून बंद बूट’ हवेत असे सांगितल्यामुळे मी साडेचारशे रुपयांच्या पांढऱ्या बेलीज घेतल्या. आता रोज सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले, की उजव्या टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. गेल्या आठवड्यात फरशी नुकतीच पुसलेली असताना ट्रेसकट घसरले; लागले नाही, पण भीती बसली. इन्चार्ज सिस्टर म्हणतात क्लॉग्ज, म्हणजे वर भोके आणि मागे मोकळी टाच असलेली जाड पादत्राणे घे, रूममेट म्हणते धावण्याचे स्पोर्ट्‌स शूज घे, एसटीत वाहक असलेले वडील म्हणतात चामड्याचे बूट घे, आणि दुकानदाराने मेमरी फोमचे बूट पायात घालून दाखवले तेव्हा अगदी ढगावर उभे राहिल्यासारखे वाटले. माझ्याकडे दोन हजार रुपये आहेत. नेमके काय घेऊ?

प्रिय सिस्टर,

तुमच्या पत्रात चार जणांची चार मते आहेत आणि गंमत अशी, की दुकानदार सोडला तर बाकी तिघेही स्वतःच्या अनुभवाशी प्रामाणिक आहेत. तुमच्या इन्चार्ज सिस्टरांची बरीच वर्षे ओटीमध्ये, म्हणजे शस्त्रक्रियागृहात गेली असावीत असा माझा अंदाज आहे; तिथे दारातल्या रेषेच्या आतच वापरायची, धुता येणारी, पटकन चढवता येणारी क्लॉग्ज सोयीची ठरतात. तुमच्या वडिलांनी हलत्या बसमध्ये तिकिटे फाडत आयुष्य काढले, तिथे जाड तळव्याच्या चामडी बुटाने त्यांना सांभाळले. रूममेट धावायला जात असेल तर तिच्या बुटांबद्दल तिचेही खरे आहे. मात्र तुमची जागा मेडिकल वॉर्ड आहे, जिथे खाली गुळगुळीत टाइल असते, तिच्यावर दिवसातून तीन-चार वेळा फिनाईलचा पोछा फिरतो, सलाईनची बाटली कधी गळते, रुग्ण कधी उलटी करतो आणि कॉल बेल वाजली की चालत नव्हे, जवळजवळ पळत जावे लागते. बूट या फरशीसाठी आणि दहाव्या तासाला सुजलेल्या तुमच्या पायांसाठी घ्यायचे आहेत.

माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला ताटकळत राहावे लागणार नाही. तुम्ही पुढून, वरून आणि मागून पूर्ण बंद असलेले, वरचा भाग ओल्या फडक्याने पुसता येईल अशा गुळगुळीत कृत्रिम चामड्याचे, लेस किंवा व्हेल्क्रोने पावलावर आवळता येणारे आणि खाली खाचांचा रबरी तळ असलेले बूट घ्यावेत. आतली गादी मऊ असण्यापेक्षा किंचित कडक, दाबले की लगेच वर येणारी असावी. असे बूट दुकानात घालून पाहताना मेमरी फोमइतके सुखावह वाटणार नाहीत, आणि नेमके तिथेच बहुतेक जणी फसतात.

टाचेचे दुखणे जुने असले तरी घसरण्याचा धोका उद्याच्या ड्युटीतला आहे, म्हणून आधी तेच घेऊ. बेलीजचा तळ बहुधा पातळ, कडक आणि सपाट प्लास्टिकचा असतो. ओल्या टाइलवर आपण पाऊल टाकतो तेव्हा सर्वांत आधी टाचेची मागची कड टेकते, आणि त्या क्षणी तळ व फरशी यांच्यामध्ये पाण्याचा एक बारीक थर अडकतो. तळाला खाचा असतील तर ते पाणी खाचांत सरकते आणि रबर फरशीला भिडते; तळ सपाट असेल तर पाणी जायचे कुठे, तुम्हीच त्याच्यावरून निघून जाता. म्हणून बूट घेताना तो उलटा करून आधी टाचेची मागची कड पाहा. तिथपर्यंत खाचा आलेल्या असाव्यात, त्या बाजूला उघडणाऱ्या असाव्यात आणि रबर नखाने दाबल्यावर जरासे दबावे. दुकानात टाइल असेलच. बाटलीतले चार थेंब पाणी त्यावर सांडून, बूट घालून टाच पुढे रेटून पाहा. दुकानदार कुरकुर करील, करू द्या.

काही बुटांच्या खोक्यावर किंवा जिभेच्या आत ‘एसआरसी’ अशी अक्षरे दिसतील. युरोपीय पद्धतीत याचा अर्थ असा, की त्या बुटाची साबणाचे पाणी टाकलेल्या सिरॅमिक टाइलवर आणि ग्लिसरीन लावलेल्या पोलादी पत्र्यावर, अशा दोन्ही ठिकाणी चाचणी झालेली आहे. नव्या पद्धतीत त्याऐवजी नुसते ‘एसआर’ लिहितात. आपल्याकडे कामाच्या बुटांसाठी आयएस १५२९८ हे भारतीय मानक आहे आणि त्याचा चौथा भाग तुमच्यासारख्यांच्या कामाचा, म्हणजे पुढे पोलादी टोपी नसलेल्या व्यावसायिक बुटांचा आहे. पोलादी टोपीचे बूट त्याच मानकाच्या दुसऱ्या भागात येतात. ते ऑक्सिजनचे जम्बो सिलिंडर उतरवणाऱ्यांसाठी योग्य आहेत, बारा तास वॉर्डात चालण्यासाठी जड आहेत. असा शिक्का असलेले बूट शाळा-कॉलेजच्या बुटांच्या दुकानात क्वचितच मिळतात. औद्योगिक सुरक्षेची साधने विकणाऱ्या दुकानांत विचारा. सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत तुमच्या गावातच आहे, त्यामुळे ही दुकाने तुम्हाला नाशिकबाहेर शोधावी लागणार नाहीत. शिक्का नसला तरी पाण्याची चाचणी करता येतेच.

आता क्लॉग्जविषयी. त्यांत दोन गोष्टी मला खटकतात आणि पहिली म्हणजे वरची भोके. मी परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर असताना आमच्या वॉर्डात एक विद्यार्थिनी पुढून उघड्या सॅण्डल घालून आली होती, कारण पावसात तिचे कॅनव्हासचे बूट भिजले होते. तिला कोणी रागावले नाही, मीही नाही. दुपारी किडनी ट्रे उचलताना त्यातली वापरलेली सुई घरंगळली आणि सरळ अंगठ्याच्या शेजारच्या बोटात उभी राहिली. सुई लहान होती आणि रक्ताचा थेंबही मोहरीएवढाच आला. साबण-पाण्याने धुणे, कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) नोंद, रुग्णाच्या रक्ताची तपासणी, एचआयव्ही प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस त्याच दुपारी, आणि मग २८ दिवस त्या गोळ्या. गोळ्यांनी तिला मळमळायचे, ती जेवत नसे, आणि पुढच्या तपासण्यांचे अहवाल येईपर्यंत काही महिने ती मुलगी वसतिगृहात कोणाशी धड बोलली नाही. सर्व अहवाल चांगले आले. त्यानंतर मात्र मी वॉर्डाच्या दारात आधी पाय बघायची आणि मग चेहरा. ही औषधे लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या काही तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात, हे तुम्ही शिकलाच आहात. पण वरून बंद असलेल्या बुटाने बहुतेक वेळा ती वेळच येत नाही. भोकांतून सुई आत जाऊ शकते तसेच रक्त, लघवी आणि उलटीही जाते आणि मग दिवसभर मोजा त्यातच भिजत राहतो.

क्लॉग्जमधली दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे मोकळी टाच. मागून पट्टा नसलेले पादत्राण पायात टिकवण्यासाठी आपण नकळत बोटे आखडून त्याला धरून ठेवतो. घरात दहा मिनिटे सपाता घालून चालताना ते जाणवत नाही, पण बारा तास बोटे आखडून चाललात तर तळव्याचे आणि पोटरीचे स्नायू संध्याकाळपर्यंत दगड होतात. शिवाय रुग्ण अचानक कोसळला आणि क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची गाडी घेऊन धावायचे झाले, तर एक क्लॉग मागे आणि सिस्टर पुढे, असे दृश्य मी पाहिलेले आहे. भोके नसलेली, मागे पक्का पट्टा असलेली आणि खाली चांगल्या रबराची क्लॉग्ज मिळतात, ती मात्र वाईट नाहीत. उद्या तुमची बदली ओटीत किंवा लेबर रूममध्ये झाली तर अशीच घ्या, आणि ती स्वतःचीच ठेवा. ओटीच्या दारातल्या रॅकमधल्या सामाईक चपला कोणाकोणाच्या पायांतून आलेल्या असतात, हे त्या पायांनाच ठाऊक.

धावण्याच्या बुटांविषयी तुमच्या रूममेटचे अर्धे बरोबर आहे. त्यांची आतली बांधणी पायाला आधार देणारी असते आणि वजनाला ते हलके असतात. अडचण आहे ती वरच्या जाळीची. हवा खेळावी म्हणून असलेल्या त्या जाळीतून बीटाडीनही तितक्याच मोकळेपणाने खेळते, आणि पांढऱ्या जाळीवर पडलेला बीटाडीनचा तपकिरी डाग तुमच्या नोकरीपेक्षा जास्त टिकतो. रक्त सांडले तर आपण फरशीवर एक टक्क्याचे हायपोक्लोराइट हे जंतुनाशक टाकतो. जाळीच्या बुटाचे काय करणार? तेच द्रावण कापडावर टाकले तर रंग आणि धागा दोन्ही जातात, न टाकले तर रक्त आतच राहते. म्हणून खेळाच्या बुटांसारखी बांधणी, पण वरून सलग गुळगुळीत कृत्रिम चामडे, असा जोड शोधा. जवळजवळ प्रत्येक कंपनी पांढऱ्या रंगात असे चालण्याचे बूट काढते, दुकानदाराला फक्त ‘जाळी नको’ एवढे ठासून सांगावे लागते. वडिलांच्या चामडी बुटांना मी नाही म्हणत नाही, पण खरे चामडे वारंवार ओले होऊन पुसले गेले की कडक होते, आणि फॉर्मल बुटांचा तळ बहुधा घसरडाच असतो. रात्रीच्या राऊंडला त्यांचा टक-टक आवाज होतो तो वेगळाच. दोन वाजता कसाबसा डोळा लागलेला रुग्ण सिस्टरच्या बुटांनी जागा झाला, तर त्याचे नातेवाईक काय बोलतात ते तुम्ही सात महिन्यांत ऐकले असेलच.

मेमरी फोम म्हणजे तुमचा तो ढग. असा फोम तळव्याच्या उष्णतेने आणि दाबाने पावलाचा ठसा घेतो, म्हणून पहिल्या दोन मिनिटांत फार सुखद वाटतो. मात्र एकदा दबलेला फोम सावकाश वर येतो, आणि आपण उभ्याने काम करत असतो तेव्हा त्याला वर यायला वेळच मिळत नाही. काही तासांत टाचेखालचा भाग चपटा होतो, खाली पुन्हा कडक फरशी लागते, आणि भोवतीचा फोम मऊच राहिल्यामुळे टाच आत कलंडत राहते. ती सरळ ठेवण्यासाठी घोट्याभोवतीचे स्नायू दिवसभर राबतात. गादीवर उभे राहून संसाराची कामे करून पाहा म्हणजे कळेल; झोपायला ती छान असते, उभ्याने पोळ्या लाटायला नाही. वर पातळ मऊ थर आणि खाली घट्ट तळ असेल तर हरकत नाही. तपासायचे असे : बुटाची टाच बाजूंनी चिमटीत धरून दाबा, ती सहज चेपता कामा नये. मग बूट टाचेकडून आणि चवड्याकडून धरून वाकवा. तो चवड्याजवळ, म्हणजे जिथे आपली बोटे मुडपतात तिथे वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर तो बाजूला ठेवा. शेवटी फडके पिळतात तसा पिळून पाहा आणि जो जिलबीसारखा वळतो तो घेऊ नका. तुमच्या बेलीज या तिन्ही परीक्षांत नापास होतील, हे मी न पाहताच सांगते.

आता मापाकडे वळू. चांगला बूट चुकीच्या मापात घेतला तर तो साडेचारशेच्या बेलीजपेक्षाही वाईट, आणि मापाच्या बाबतीत आपण बायका फारच गाफील असतो. कॉलेजात असताना ‘माझा पाच नंबर’ असे एकदा ठरले, की तोच नंबर आपण जन्मभर सांगत राहतो. पाय मात्र वयाने, वजनाने, बाळंतपणाने आणि नुसत्या उभ्याने काम करण्यानेही पसरतात. शिवाय दिवसभरात ते सुजतात. म्हणून बूट घ्यायला सुटीच्या दिवशी सकाळी न्हाऊन-माखून जाऊ नका. दोन ते आठची ड्युटी संपली की तशाच, त्याच मोज्यांनिशी दुकानात जा. त्या वेळचा पाय हाच तुमचा खरा पाय आहे. आदल्या दिवशी ड्युटीहून घरी आल्यावर दोन्ही पावले कागदावर ठेवून, उभे राहून, पेन्सिल सरळ धरून बाह्यरेषा काढून न्या. दुकानात बूट त्या आकृतीवर ठेवला आणि चवड्याजवळ रेषा बुटाबाहेर डोकावली, तर नंबर बरोबर असला तरी बूट अरुंद आहे. आपल्यातल्या पुष्कळ जणींचे बालपण अनवाणी किंवा चपलांत गेलेले असल्याने बोटे ऐसपैस पसरलेली असतात; बायकांचे म्हणून विकले जाणारे चिंचोळे बूट त्यांना मानवत नाहीत. त्यांत कोंबलेल्या करंगळीवर आधी घट्टा येतो, मग कुरूप होते, आणि अंगठ्याच्या मुळाचे हाड बाहेर येऊ लागते. पुरुषांच्या विभागातला लहान नंबर चवड्याला रुंद असतो, पण टाचेलाही सैल पडतो, तेव्हा तो घेताना टाच उचलली जात नाही ना ते पाहावे लागते.

दोन्ही पाय मोजा, कारण एक पाय थोडा मोठा असणे अगदी सामान्य आहे. बूट मोठ्या पायाच्या मापाचा घ्यावा. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश नंबरांत एका नंबराने बूट सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढतो, त्यामुळे पाच घट्ट आणि सहा ढगळ होत असेल तर साडेपाच मिळतो का ते विचारा, हल्ली काही कंपन्यांत मिळतो. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोट, जे दरवेळी अंगठाच असते असे नाही, आणि बुटाचे टोक यांच्यामध्ये अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आतली गादी निघत असेल तर ती काढून जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभ्या राहा; पावलाचा कोणताही भाग गादीबाहेर येता कामा नये. मग बूट घालून दुकानात पंधरा मिनिटे चाला, पायऱ्या चढा-उतरा, एकदा खाली बसून उठा, जसे तुम्ही कॅथेटरची पिशवी रिकामी करताना बसता. ‘घातल्यावर सैल होतील’ या दुकानदाराच्या वाक्यावर मात्र कधीही विश्वास ठेवू नका. टाचेची उंची साधारण दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत ठीक आहे. अगदी सपाट बूटही तुमच्या टाचेला सध्या सोसणार नाही.

त्या टाचेबद्दल बोलू. सकाळच्या पहिल्या पावलाला कळ, चार पावले चालल्यावर थोडे मोकळे, आणि ड्युटीच्या शेवटी पुन्हा ठणका, हे वर्णन टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून जाणाऱ्या जाड पट्ट्याच्या दुखण्याचे, म्हणजे प्लांटार फॅसायटिसचे वाटते. झोपेत तो पट्टा आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करू नये, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. तुमच्याच रुग्णालयात ते असतील. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले तर घाबरू नका, मुळीच न दुखणाऱ्या पुष्कळ टाचांतही ते दिसते. दरम्यान सकाळी पाय जमिनीवर टेकवण्याआधी, पलंगावर बसूनच, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटे हाताने नडगीकडे ओढा, दहापर्यंत मोजा आणि सोडा; असे दहा वेळा करा. ड्युटीहून आल्यावर भिंतीला हात टेकून, एक पाय मागे नेऊन पोटऱ्या ताणा, आणि पाण्याची बाटली बर्फ करून तिच्यावर तळवा फिरवा. हे दुखणे हळू जाते, पण बहुतेकांचे काही महिन्यांत जाते. घरातही अनवाणी फिरू नका. हे आपल्याला जड जाते, मला कळते, तेव्हा घरात वापरायची एक स्वच्छ जोडी वेगळी ठेवा. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, टाच लाल होऊन सुजत असेल किंवा झोपेतही दुखत असेल, तर तज्ज्ञांकडे जायला सुटीची वाट पाहू नका. एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली तर त्याच दिवशी कॅज्युअल्टीत दाखवा.

दोन हजारांत हे सर्व बसते का? एका बऱ्या जोडीसाठी बसते, पण खरे तर तुम्हाला दोन जोड्यांची गरज आहे. बारा तासांत पाय बुटात इतका घाम सोडतात, की दुसऱ्या दिवशी सकाळी बूट आतून ओलसरच असतो. त्यात नाशिकचा पावसाळा! बोटांच्या बेचक्यांत पांढुरके, सोललेले, खाजणारे असे चिखल्यांचे प्रकार पूर्वी शेतात गुडघाभर पाण्यात उभे राहणाऱ्यांना व्हायचे, आता बंद बुटांत उभ्या राहणाऱ्या सिस्टरांनाही होतात. म्हणून या महिन्यात एक जोडी घ्या, दोन-तीन महिन्यांनी दुसरी, आणि आलटून पालटून वापरा. ओला बूट कडक उन्हात ठेवू नका, त्याने चिकटवलेला तळ सुटतो. गादी काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली ठेवा. मोजे निव्वळ सुती असले तर घाम धरून ठेवतात, त्यापेक्षा सूत आणि कृत्रिम धागा मिसळलेले, टाचेला जाड विणीचे मोजे बरे. बारा तासांच्या ड्युटीला पर्समध्ये एक जादा जोडी ठेवून मध्यरात्री बदला. एवढ्या साध्या बदलाने उरलेली रात्र किती हलकी जाते ते पाहाच. पायांवर शिरा फुगलेल्या दिसत असतील तर दाब देणारे लांब मोजे उपयोगी पडतात, पण त्यांचा दाब डॉक्टरांना विचारून ठरवा.

सेलमध्ये स्वस्त मिळते म्हणून दोन्ही जोड्या एकदम घेऊन एक कपाटात जपून ठेवू नका. पुष्कळ बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या दमटपणाने तो नुसता ठेवल्या ठेवल्याही कुजतो. माझ्या एका मैत्रिणीने मुलीच्या नोकरीसाठी घेतलेले बूट चार वर्षे खोक्यात ठेवले. बाहेर काढून मुलगी दोन खोल्या चालली तर मागे काळ्या भुग्याची रांगोळी. वापरातले बूट केव्हा बदलायचे हे वरच्या रंगावरून कळत नाही. धावण्याच्या बुटांची गादी साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर टिकते असे मानतात. तुमच्या फोनमध्ये पावलांची मोजणी असेल; ड्युटीत पाच किलोमीटर होत असतील आणि महिन्यात पंचवीस ड्युट्या असतील, तर एकाच जोडीचे सहाशे किलोमीटर पाच महिन्यांत भरतात. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. तळ एका बाजूला झिजून बूट कलला असेल, किंवा टाचेच्या कडेच्या खाचा पुसल्या गेल्या असतील, तर त्याचे काम संपले.

ड्युटीचे बूट ड्युटीतच घालावेत. लॉकरमध्ये ठेवून घरी वेगळी चप्पल घालून जा. वॉर्डातली फरशी तुम्हाला घरच्या स्वयंपाकघरात आणायची नाही. काही सांडले तर हातमोजे घालून आधी टिपून घ्या, मग तुमच्या रुग्णालयाचे जंतुनाशक लावून ओल्या फडक्याने पुसा. लेसची टोके लोंबू देऊ नका, ती प्रत्येक पलंगाखालचे काही ना काही उचलून आणतात. सर्वांत वरच्या भोकातून ओवून घट्ट बांधली तर टाचही जागेवर राहते.

राहिला पांढऱ्या रंगाचा नियम. आम्ही विद्यार्थिनी असताना रविवारी दुपारी वसतिगृहाच्या जिन्यावर ओळीने बसून कॅनव्हासच्या बुटांना पांढरे पॉलिश फासायचो आणि सोमवारी मेट्रनबाई बुटांचे टोक बघायच्या, तळ कोणीच बघत नसे. तुम्हाला औद्योगिक दुकानात तळ उत्तम पण रंग काळा असे बूट मिळाले, तर आधी विकत घेऊन मग वाद घालू नका. अधिसेविकांच्या, म्हणजे मेट्रनच्या नावे चार ओळींचा अर्ज द्या : अमुक तारखेला ओल्या फरशीवर घसरले, टाचेच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी आधाराचे बूट सांगितले आहेत, तसे बूट काळ्या रंगात उपलब्ध आहेत, वापरण्यास परवानगी मिळावी. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि त्या दिवशी घसरल्याची नोंद इन्सिडेंट रजिस्टरमध्ये केली नसेल तर ती आधी करा. लेखी अर्जाला नकार देण्याचा त्रास सहसा कोणी घेत नाही.

आणि त्या बेलीज वॉर्डातल्या मावशींना देऊ नका. आपण चांगल्या मनाने देतो आणि त्या नको म्हणत नाहीत, परंतु ज्या ओल्या फरशीवर तुम्ही घसरलात ती ओली असताना तिच्यावर सर्वांत जास्त वेळ त्याच उभ्या असतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्यांना योग्य संरक्षक साधने पुरवणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे आणि त्यांत गमबूट येतात. तुमच्या मावशी लाल-पिवळ्या पिशव्या कोणत्या चपलांवर उचलतात ते उद्या बघा. गमबूट नसतील तर अर्जाच्या शेवटी त्यांच्यासाठी एक ओळ वाढवा, आणि त्यांचा नंबरही विचारून लिहा, नाहीतर स्टोअरमधून सरसकट नऊ नंबरचे येतात.